टीआरएल, एमआरएल की केटीएचची सहा मापं? टेक ट्रान्सफर ऑफिसने काय निवडावं

विद्यापीठातलं संशोधन कंपन्यांपर्यंत पोचवणं हे टेक ट्रान्सफर ऑफिसचं काम. टीआरएल (टेक्नॉलॉजी रेडीनेस लेव्हल) म्हणजे तंत्रज्ञान वापरायला किती तयार आहे हे १ ते ९ मध्ये सांगणारी पातळी. संशोधक फॉर्मवर ‘टीआरएल ६’ लिहितो आणि ऑफिस तोच आकडा कंपनीला कळवतं. घोळ इथूनच सुरू होतो. समजा, पाण्यातलं शिसं काढणारं मेम्ब्रेन आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये शिशाचा क्षार विरघळवून ५ सेंटिमीटरच्या चकतीवर चाचणी झाली असेल तर पातळी ४. विहिरीचं पाणी सोडलं की लोह आणि कॅल्शियम चकतीवर बसतात, प्रवाह मंदावतो. तरीही शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर ५. तशाच पाण्यावर जवळपास खऱ्या मापाचा नमुना चालला तर ६. गावच्या नळयोजनेवर चालला तर ७.

टीआरएल १९७० च्या दशकात नासात जन्मली, पुढे युरोपियन युनियनच्या होरायझन २०२० या संशोधन-निधी कार्यक्रमामुळे युरोपभर गेली. अनुदान देणाऱ्यांना ती कळते, एका बैठकीत उरकते. पण गिऱ्हाईक आहे का, हक्क कोणाचे, हे ती विचारत नाही. नासाला कशाला विचारावं लागेल, गिऱ्हाईक तीच!

अमेरिकी संरक्षण खात्याच्या एमआरएलमध्ये (मॅन्युफॅक्चरिंग रेडीनेस लेव्हल, म्हणजे उत्पादनाची तयारी) १० पातळ्या आहेत आणि भर कारखान्यावर: कच्चा माल, पुरवठादार, उत्पादनखर्च. सॉफ्टवेअरला ती जवळजवळ बिनकामाची. वस्तू बनवणारी कंपनी परवाना घ्यायला पुढे आली की मगच, बाहेरचा प्रॉडक्शन इंजिनिअर बोलावून वापरावी.

स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठाची पद्धत तंत्रज्ञान, ग्राहक, व्यवसाय, बौद्धिक संपदा, टीम आणि निधी यांना वेगवेगळे १ ते ९ गुण देते. दोन-तीन माणसांच्या ना-नफा ऑफिसला आमच्या मते हीच सोयीची. मात्र सहांची सरासरी काढू नका. तंत्रज्ञान ६ आणि ग्राहक १ असेल तर या दोघांची सरासरी साडेतीन हा आकडा काहीच सांगत नाही. पुढचा पैसा प्रयोगशाळेत घालायचा नाही, पाच-दहा संभाव्य खरेदीदारांना भेटण्यात घालायचा, हे मात्र दोन सुटे आकडे लगेच सांगतात.

मूल्यमापन पेटंटच्या घड्याळाला बांधा. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज), ३० महिन्यांत (भारतात ३१) देशोदेशीचे अर्ज. मोठा खर्च या दुसऱ्या टप्प्यावर येतो. म्हणून नवव्या आणि पंचविसाव्या महिन्यात गुण पुन्हा द्या, म्हणजे पेटंट सोडायचं की ठेवायचं हे मुदतीच्या आदल्या रात्री ठरवावं लागत नाही.

गुण संशोधकाने भरावेत, पण प्रत्येक आकड्यामागचा कागद ऑफिसने मागावा. चाचणीत पाणी कोणतं होतं, किती तास चाललं, हे अहवालात नसेल तर पातळी एकने उतरवा.