टर्निटिन: टक्का सोडा, रिपोर्ट उघडून वाचा

रिव्ह्यू लिहायला बसले कारण टर्निटिन या मजकूर जुळवून बघणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल सगळे एकच विचारतात, "किती टक्के आलं?" मुलं तेच विचारतात, गाइडही तेच. मी बरीच वर्षं यावर मुलांच्या असाइनमेंट आणि थिसिसची चॅप्टर्स तपासतेय. टूल चांगलं आहे, पण त्यातली सगळ्यात कमी कामाची गोष्ट म्हणजे तो टक्का, आणि सगळा कारभार नेमका त्याच्यावरच चालतो.

मुळात ते करतं काय, तर तुमचा मजकूर वेबसाइट, जर्नल्स आणि आधी जमा झालेल्या विद्यार्थ्यांच्या पेपरशी जुळवून बघतं. जुळलं ते रंगवतं, बाजूला सोर्स दाखवतं, आणि एकूण मजकुरातला किती भाग जुळला तो टक्का देतं. २४ टक्क्यांपर्यंत हिरवा, ७५ पासून वर लाल. ही चोरी आहे असं ते कुठेही म्हणत नाही, कंपनी स्वतःच सांगते की तो निर्णय वाचणाऱ्याने घ्यायचा. तरी हिरवं दिसलं की पास आणि लाल दिसलं की गुन्हेगार, असं धरून चालतात लोक.

आता माझ्यासमोर आलेले दोन रिपोर्ट सांगते. एकात ३१ टक्के, उघडून बघितलं तर संदर्भसूची, कव्हर पेज, प्रतिज्ञापत्र आणि मेथडमधली सगळेच लिहितात ती ठरलेली वाक्यं, बाकी सगळं मुलीचं स्वतःचं. दुसऱ्यात फक्त ८, पण ते आठच्या आठ टक्के एकाच जागी, डिस्कशनमधला मुख्य परिच्छेद जसाच्या तसा उचललेला, ना अवतरणचिन्ह ना संदर्भ. टक्क्यावर गेलं असतं तर पहिलीला बोलणी बसली असती आणि दुसऱ्याची पाठ थोपटली गेली असती. म्हणून आधी फिल्टरमध्ये जाऊन संदर्भसूची आणि अवतरणं वगळा, मग प्रत्येक रंगीत तुकडा वाचा. वेळ लागतो, पण एखाद्या मुलाच्या वर्षाचा प्रश्न असतो तिथे तेवढा वेळ द्यायलाच हवा ना.

अजून एक, ड्राफ्ट टाकताना रिपॉझिटरीचं, म्हणजे जमा झालेले पेपर साठवतात त्या साठ्याचं, सेटिंग बघून घ्या. तिथे साठवला गेला तर फायनल कॉपी स्वतःच्याच ड्राफ्टशी जुळते आणि आकडा थेट शंभराजवळ जातो, आणि मुलाला विनाकारण घाम फुटतो.

मला खरा राग येतो तो टक्का उतरवून देणाऱ्या टूल्सचा. परिच्छेद टाका, शब्द बदलून मिळतील, रिपोर्ट हिरवा. २०२१ मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या पेपरमधले असले शब्द शोधून काढले, आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' (बनावट जाणीव), ब्रेस्ट कॅन्सरच्या जागी 'बुझम पेरिल' (छातीचं संकट)! म्हणजे विचार दुसऱ्याचा तो दुसऱ्याचाच राहिला, वर अर्थाचीही वाट लागली. मुलांना आपणच "दहाच्या खाली आणा" म्हणून पाठवतो, मग ती हेच करणार. कोणाचं काय घेतलंय ते सांगा, एवढं आपण कधी नीट शिकवतो?

पैसे देऊन लिहून घेतलेली असाइनमेंट तर इथे सहज सुटते कारण मजकूर नवाच असतो, फक्त लिहिणारा दुसरा. २००६ पासून याला कॉन्ट्रॅक्ट चीटिंग असं नाव आहे, आणि इंग्लंडने २०२२ मध्ये अशा सेवा देणं गुन्हा ठरवलं. हे पकडायचं तर मुलाला समोर बसवून दहा मिनिटं त्याच्याच पेपरवर बोलायला लावणं, याच्याइतका भरवशाचा उपाय मला तरी सापडलेला नाही.

मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणारा टर्निटिनचा एआय डिटेक्टर एप्रिल २०२३ ला आला, त्याबद्दल मात्र सावध राहा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जानेवारीत आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरवर (त्यात टर्निटिन नव्हतं) टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध चालवले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले. साधं, ठरावीक इंग्रजी लिहिणाऱ्या मुलावर शेकतं हे. स्वतः राबून लिहिणाऱ्याला खोटं ठरवणं हाही अप्रामाणिकपणाच आहे, तो आपल्या बाजूचा. डिटेक्टरच्या आकड्यावरून चौकशी लावू नका, आधी मुलाकडे ड्राफ्ट, नोट्स, फाइलची व्हर्जन हिस्टरी मागा.

जुळणी शोधायला पाचपैकी चार, एआय ओळखायला दीड. घेणार असाल तर एकच आग्रह आहे, जमा करायच्या आधी मुलांनाही स्वतःचा रिपोर्ट बघू द्या. संदर्भ द्यायचा राहिलेली ओळ रंगीत दिसली की बरीचशी मुलं स्वतःहून नीट करतात, मी बघितलंय, आणि पुढच्या पेपरला ती चूक सहसा येत नाही.