'मोना लिसा ओव्हरड्राइव्ह' की 'ऑल टुमॉरोज पार्टीज': गिब्सनची कोणती त्रयी तडीस न्यावी?

'न्यूरोमॅन्सर' संपवून आता पुढे काय घ्यावं, या विचारात जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. विज्ञानकथा लेखक विल्यम गिब्सनच्या दोन सायबरपंक, म्हणजे संगणक आणि गुन्हेगारी जग एकत्र आणणाऱ्या भविष्यकथांच्या, त्रयी आहेत. पहिली 'न्यूरोमॅन्सर' (१९८४), 'काउंट झिरो' (१९८६) आणि 'मोना लिसा ओव्हरड्राइव्ह' (१९८८) अशी. दुसरी 'व्हर्च्युअल लाइट' (१९९३), 'इडोरू' (१९९६) आणि 'ऑल टुमॉरोज पार्टीज' (१९९९) अशी. सोलापुरात आमच्या ओळखीतले जे पाच-सात जण असलं काही वाचतात, त्यांच्यात या दोन शेवटांवरून कायमचे दोन तट आहेत. मी 'मोना लिसा'च्या बाजूचा. मात्र 'काउंट झिरो' गाळून ती वाचू नका, हे आधीच सांगून ठेवतो.

'मोना लिसा'बद्दलची नेहमीची तक्रार मला मान्य आहे. 'न्यूरोमॅन्सर'मध्ये एक टोळी, एक दरोडा आणि सुसाट वेग होता. इथे चार कथा वेगवेगळ्या चालतात. याकुझा या जपानी गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्याची मुलगी कुमिको लंडनला पाठवली जाते. अँजी ही सिमस्टिमची मोठी स्टार आहे. सिमस्टिम म्हणजे दुसऱ्याच्या पंचेंद्रियांचा अनुभव थेट आपल्या मेंदूत. मोना ही देहविक्री करणारी कोवळी पोर, जिचा चेहरा शस्त्रक्रियेनं अँजीसारखा केला जातो. आणि चौथा स्लिक हेन्री. अर्ध्या पुस्तकापर्यंत यांचा एकमेकांशी संबंध काय, तेच लागत नाही. आमच्यातल्या दोघांनी तिथंच पुस्तक मिटलं. मी त्यांना सांगितलं, जकार्ड मागावर पहिलं वीतभर कापड बघून चादरीवर फूल येणार की मोर, हे कुणाला कळतं? थोडं विणू द्या.

'न्यूरोमॅन्सर'मधली लढाऊ मॉलीही परत येते, पण सॅली शिअर्स या नावानं, वय वाढलेली, दमलेली. ज्यांना जुनी मॉली हवी होती ते हिरमुसतात. मला ही दमलेली मॉली जास्त खरी वाटते.

पण या कादंबरीचा जीव स्लिक हेन्रीत आहे, असं माझं ठाम मत. गाड्या चोरल्याबद्दल त्याला जी शिक्षा झाली, तिच्यात त्याच्या मेंदूत मुद्दाम बिघाड केला गेला. नवी आठवण टिकूच नये असा. शिक्षा संपली तरी त्या काळाची भीती अंगातून गेलेली नाही. म्हणून तो एका ओसाड जागी भंगारातून अजस्र यंत्रं जोडत बसतो. गंजलेला 'जज' हे त्यातलंच एक. आपल्यावर जे गुजरलं ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो ते लोखंडात उभं करतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मशिन दुरुस्ती करणारा आमचा एक मित्र एरवी कादंबऱ्यांच्या वाटेला जात नाही, पण ही प्रकरणं त्यानं दोनदा वाचली. जुने पार्ट हातात घेऊन 'ह्याचं काय करता येईल' असा विचार करणारा माणूस गिब्सनला बरोबर कळलाय, असं तो म्हणतो.

शेवट मात्र घाईचा आहे. जे मोठं घडतं ते काही पानांत उरकलं जातं. 'काउंट झिरो' वाचलेली नसेल तर अँजी आणि त्या भागातला नायक बॉबी एकमेकांचे कोण, हेच नीट लागत नाही आणि शेवट फुसका वाटतो. 'गुंडाळून टाकलंय' म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी दुसरा भाग गाळलेला होता.

'ऑल टुमॉरोज पार्टीज'ची ताकद जागेत आहे. भूकंपानं वाहतुकीला निकामी झालेला सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडचा पूल, आणि त्यावर बेघर लोकांनी बसवलेली वस्ती, दुकानं, खोल्यांवर खोल्या. बंद गिरण्यांची धुराडी बघत वाढलेल्या सोलापूरकराला ही वस्ती समजावून सांगावी लागत नाही. पुलावर फाँटेनचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिथं येऊन तासन् तास घड्याळांत हरवणारा, जवळजवळ न बोलणारा पोरगा सिलेन्सिओ हे या पुस्तकातलं सर्वात जिवंत पात्र. प्रकरणं छोटी, त्यामुळे इंग्रजीशी झगडत वाचणाऱ्यालाही दम लागत नाही. 'मोना लिसा'त अडणारे कितीतरी शब्द गिब्सननंच घडवलेले. संदर्भानंच लावून घ्यावे लागतात.

कमी पडतं ते कथेत. टोकियोत पुठ्ठ्याच्या खोक्यात राहणारा लेनी माहितीच्या प्रवाहातून ओळखतो की जग आता बदलणार. काय बदलणार, हे शेवटपर्यंत धूसर. खलनायक हारवूड तर लक्षातही राहत नाही. या त्रयीचे चाहते म्हणतात, धूसरपणा हाच मुद्दा आहे, बदल घडत असताना कुणालाच तो धड दिसत नसतो. युक्तिवाद चांगला आहे, पण माझं समाधान झालं नाही.

हिशेब बघा. 'न्यूरोमॅन्सर' वाचलेल्याला 'मोना लिसा' एका पुस्तकावर आहे. 'पार्टीज'साठी आधीची दोन्ही लागतात: रायडेल आणि शेव्हेट ही पात्रं पहिल्यातली, लेनी आणि संगणकानं घडवलेली गायिका रेई तोएई दुसऱ्यातली. त्यामुळे 'न्यूरोमॅन्सर' आवडलं असेल तर सरळ 'काउंट झिरो' आणि मग 'मोना लिसा'. 'न्यूरोमॅन्सर' पन्नास पानांत सोडलं असेल, पण शहरं आणि माणसं वाचायला आवडत असतील, तर 'व्हर्च्युअल लाइट'पासून सुरुवात करा.