वयस्करांची शुगर: साताखाली आणायची की आठपर्यंत चालवून घ्यायची?

रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ७.९ आलं की घरात चर्चा सुरू होते, गोळी वाढवायची का? रक्ततपासणीतला हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगतो. ७ म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४, ८ म्हणजे १८३.

साताजवळ राहिलं तर डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा जपल्या जातात, हे खरंच. पण तो फायदा पदरात पडायला बरीच वर्षं जावी लागतात. पासष्टीतली, चालती-फिरती, दुसरा मोठा आजार नसलेली व्यक्ती असेल तर ७ ते ७.५ च्या आत जरूर ठेवा.

शुगर लो होण्याचा धोका मात्र आजच्या रात्रीचा असतो. माझ्या वडिलांचं एचबीएवनसी आम्ही ६.४ वर आणलं होतं, कौतुकानं सगळ्यांना सांगतही होतो. एका पहाटे आईनं हाक मारली. बाबांचा बनियन घामानं चिंब, बोलणं असंबद्ध. ग्लुकोमीटरवर ५२. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. (शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.) म्हातारपणी अशा वेळी तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं, आणि घरचे त्या गोंधळलेपणाला विसरभोळेपणा समजतात.

‘अकॉर्ड’ या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त झाल्यामुळे २००८ मध्ये ते कडक उपचार थांबवावे लागले.

म्हणून मी आकड्याआधी गोळ्यांची पट्टी बघते. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडं मंदावली असतील, जेवणाच्या वेळा चुकत असतील किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर माझा कौल आठच्या बाजूला. फक्त मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातली गोळी असेल तर लो होण्याची भीती फार कमी; तिथे सातासाठी प्रयत्न करायला हरकत नाही. रक्तक्षय असेल तर मुळात एचबीएवनसीच फसवं येऊ शकतं.

आठ चालवून घ्यायचं म्हणजे मोकाट सोडायचं नव्हे. शुगर सतत १८० च्या वर राहिली की ती लघवीवाटे जाऊ लागते. मग तहान, अशक्तपणा, आणि रात्री चार-चारदा उठून अंधारात बाथरूमकडे जाणं. पडायचा धोका तिथेही असतोच.

बाबांची ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली. आता ७.८ आहे आणि आम्ही ते तसंच ठेवलंय.