पाच जणांच्या ऑफिसात वायरचं नेटवर्क: पावसाळा ते मार्चअखेर वापरल्यावर

आधी निकाल सांगते. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा एका संगणकावर ठेवून बाकीचे सगळे तिथूनच काम करतात अशा ऑफिसात टेबलावरच्या प्रत्येक मशीनला वायर हवीच. वायफाय मोबाइल आणि लॅपटॉपसाठी ठेवावं. आम्ही गेल्या पावसाळ्यात हा बदल केला. आयकर रिटर्नची गर्दी, दिवाळीआधीची घाई आणि मार्चअखेर या तिन्हींतून तो तावूनसुलाखून निघाला, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे.

आमचं कर सल्ल्याचं ऑफिस साताऱ्यात आहे. जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या, मध्ये हातभर जाडीची दगडी भिंत. फायबर जिथे येतं तो नेटवाल्याचा डबा, म्हणजे ओएनटी, बाहेरच्या खोलीत आहे. नवीन घेतलं ते एवढंच: ८ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच (सगळ्या मशीनच्या वायरी एकत्र जोडणारा डबा), कॅट-६ जातीची नेटवर्कची वायर आणि भिंतीवरून न्यायला केसिंग पट्टी. वायफाय राउटर आमच्याकडे होताच, फक्त त्याचं काम बदललं. स्विच दोन हजारांच्या आत आला. त्यात सेटिंग काहीच नसतं, वायरी लावल्या की सुरू.

आमच्याकडे टॅली अडकली की सगळ्यांचा सल्ला ठरलेला असायचा, मोठा प्लॅन घ्या. हा सल्ला अनेक छोट्या ऑफिसांना मिळतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. टॅलीचा डेटा या टेबलावरून त्या टेबलावर जातो, इंटरनेटला तो शिवतसुद्धा नाही. प्लॅन १०० एमबीपीएसचा घ्या की ३०० चा, टॅलीतली नोंद (व्हाउचर) सेव्ह होण्यात काडीचा फरक पडत नाही. जो प्रवास ऑफिसातल्या ऑफिसात होतो तो लॅनचा, म्हणजे आतल्या नेटवर्कचा. बाहेर जातो तो इंटरनेटचा, आणि तुमचा प्लॅन फक्त या दुसऱ्याला लागू असतो. शिवाय प्लॅनचा आकडा बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसवर फाइल उतरताना सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी दिसणार. डाउनलोडला ११-१२ दिसले तर नेटवाल्याशी भांडू नका, तो बरोबर देतोय.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आधीच्या मांडणीत आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून दुसरा राउटर बसवलेला होता आणि ओएनटीकडून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं इंटरनेट घ्यायच्या भोकात, खोचलेली होती. बाहेरच्या खोलीतल्या मशीनचे नेटवर्कमधले (आयपी) पत्ते १९२.१६८.१ ने सुरू व्हायचे, आतल्यांचे १९२.१६८.० ने. म्हणजे एका ऑफिसात दोन वेगळी नेटवर्कं. आतल्यांना नेट मिळायचं, पोर्टल उघडायचं, पण बाहेरचा प्रिंटर यादीत येत नसे आणि शेअर केलेलं फोल्डर नावाने सापडत नसे. बाहेरच्यांना तर आतल्या मशीनपर्यंत मुळीच पोचता येत नसे. "नेट आहे, मग प्रिंट का येत नाही?" हा रोजचा प्रश्न होता. एका राउटरमागे दुसरा राउटर असं वेगळं नेटवर्क बनवतो तेव्हा त्याला डबल नॅट म्हणतात. अशा वेळी प्रिंटर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून काही साधत नाही.

उपाय सोपा निघाला. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड होता, तो चालू केला. आता तो पत्ते वाटत नाही, फक्त वायफाय देतो. पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, ओएनटी एकटाच करतो. तुमच्या राउटरला हा मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला ओएनटीच्याच मालिकेतला एक मोकळा पत्ता द्या आणि वायर वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. एका नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारा एकच असावा, एवढं पाळलं तरी छोट्या ऑफिसातली निम्मी डोकेदुखी जाते असं माझं ठाम मत झालं आहे.

प्रिंटरची उरलेली तक्रार वेगळीच होती. लाइट जाऊन आली की कधीकधी त्याला नवा पत्ता मिळायचा आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसायचे. ओएनटीमध्ये प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून एक पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवला. टॅलीच्या मुख्य मशीनलाही तसंच केलं. तेव्हापासून "प्रिंटर ऑफलाइन" हे शब्द पडद्यावर दिसलेले नाहीत. आणि कधी एखाद्या मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर त्याला डीएचसीपीकडून काहीच मिळालेलं नाही असं समजा. आधी वायर आणि पोर्टचा दिवा बघा.

वायर घेताना दुकानात थोडा वेळ काढा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर कॅट-६ म्हणून सर्रास मिळते. ती स्वस्त आणि हलकी असते, वाकवली की आतून तुटते. तुकडा घेऊन ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसलं तर ती घेऊ नका. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या शाबूत लागतात, १०० च्या वेगाला दोनच पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार टोकाच्या पिनमध्ये नीट दाबून बसली (क्रिम्प झाली) नसेल तर बहुधा नेट बंद पडत नाही, वेग गुपचूप १०० वर उतरतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या एका पॉइंटला असंच झालं होतं, विंडोजमध्ये लिंक स्पीड बघितल्यावर कळलं. टोक कापून पुन्हा क्रिम्प केल्यावर १००० दिसलं. काम करून जाणाऱ्या माणसासमोरच प्रत्येक मशीनवर हा आकडा बघून घ्या. विजेची वायर आणि लॅनची वायर एकाच पट्टीतून नेऊ देऊ नका.

वायफायबद्दल थोडक्यात. वायफायचे दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण दगडी भिंतीपुढे हात टेकतं. २.४ पलीकडे पोचतं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनेल मोकळा असेल तो ठेवावा. दोन्ही डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच दिला आहे, खोली बदलली की मोबाइल आपोआप दुसऱ्यावर जातो.

साध्या स्विचची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. डिसेंबरात साफसफाईनंतर सगळं नेटवर्क ठप्प झालं, स्विचचे सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकत होते. लोंबणारं मोकळं टोक कोणीतरी जपून त्याच स्विचमध्ये खोचलं होतं. वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाढत जावी तसे तेच ते संदेश गोल फिरत वाढत जातात आणि कामाला जागाच उरत नाही. टोक काढताच सगळं ठीक झालं. आता रिकाम्या पोर्टांना प्लास्टिकची बुचं बसवली आहेत आणि प्रत्येक वायरवर टेबलाचं नाव चिकटवलं आहे.

लाइटसाठी ओएनटीला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेतला. स्विचचा ॲडॅप्टर मात्र वेगळ्या व्होल्टचा असू शकतो. मागचं लेबल वाचल्याशिवाय पिन जोडू नका. आमचा स्विच संगणकाच्या यूपीएसवर आहे.

अजून न सुटलेलं एकच, घरून ऑफिसचे कॅमेरे थेट बघणं. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली मागणी आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याचं सेटिंग, करूनही जमलं नाही. ओएनटीच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १०० ने सुरू होतो आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे, म्हणजे सीजीनॅट. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आपल्या दारापर्यंत थेट येताच येत नाही. स्टॅटिक आयपीला, म्हणजे फक्त आपल्यासाठीच्या कायमच्या सार्वजनिक पत्त्याला, वेगळे पैसे पडतात. कॅमेऱ्यांपुरता तो खर्च मला पटत नाही, म्हणून सध्या डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या, ॲपवरून बघतो. कंपनीने दिलेला पासवर्ड बदलूनच ते सुरू केलं, आणि तुम्हीही तसंच करा.