लिंबातून रक्त आलं आणि मी 1,81,100 रुपये मोजले

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'अडाणी असेल कुणीतरी' म्हणून कुणी स्वतःला सुरक्षित समजू नये.

मुलगी चौदा वर्षांची. तीन वर्षांपासून तिला फिट येतात. गोळ्या चालू होत्या, तरी महिन्या-दीड महिन्याने एखादी यायचीच. जिने पोटच्या पोरीला भरवर्गात तोंडाला फेस येऊन पडताना पाहिलंय, तिनेच मला शहाणपण शिकवावं. दवाखान्याच्या बाकावर एका बाईने ओळख काढली, 'आमच्या भाचीचं थांबलं' म्हणाली आणि एका महाराजांचा नंबर दिला. चार दिवसांनी महाराजांनी मुलीचं नाव, पहिली फिट कधी आली, सासूबाईंचं वर्षश्राद्ध राहिलंय, सगळं न विचारता सांगितलं. त्या बाईशी मी पाऊण तास बोलले होते. पुढचं तुम्हाला कळलंच.

'पाहणी'चे 1,100. बंधनाचे 21,000. घरशुद्धीचे 51,000. शेवटच्या होमाचे 1,08,000, त्यासाठी पाटल्या सोनेतारणात ठेवल्या. महाराज पैशाला हात लावत नाहीत म्हणे. बंधनाचे पैसे एका शिष्याच्या खात्यावर मोबाईलवरून टाकले, बाकी सगळे रोख. रोख देऊ नका. कितीही घाई केली तरी देऊ नका. त्या 21,000 सोडून माझ्याकडे पैशांचा कसलाच पुरावा नाही.

घरशुद्धीच्या दिवशी लिंबू त्याने मलाच आणायला सांगितलं. मीच आणलंय म्हटल्यावर शंका कसली घेणार? सुरी मात्र त्याची होती. लिंबू कापलं आणि लालभडक रस टपकला. 'करणी उतरायला लागली,' म्हणाला.

मिथिल ऑरेंज. आम्लात लाल होतं. हा दर्शक मी वर्षानुवर्षं मुलांच्या परीक्षानळ्यांत थेंब थेंब टाकत आले आहे. पात्याला लावून वाळवला की लिंबाचा रस लागताच काम होतं. आणि पात्यावरची ती नारिंगी झाक मला दिसली होती. दिसली होती! मला वाटलं, गंज असेल. तेवढ्यात मुलगी घाबरून मला बिलगली आणि मी सुरीकडे पाहायचं सोडून हात जोडले. रात्री डोळा लागत नाही तेव्हा तेच पातं समोर येतं.

पैसेच गेले असते तर कदाचित गप्प बसले असते. पण होमानंतर तो म्हणाला, गोळ्या चालू असतील तर गुण येणार नाही, नऊ दिवस बंद ठेवा. पाचव्या दिवशी पहाटे फिट आली ती थांबेचना. चार दिवस आयसीयू. गोळी एकदम बंद केली की असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. तोवर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, चप्पल-कांदा हुंगवत बसू नका.

मुलगी वाचली. मग पोलीस ठाणं सुरू झालं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, 'मॅडम, तुम्ही शिकलेल्या, स्वतःहून दिलेत, यात फसवणूक कसली?' तिसऱ्या दिवशी, मठ आमच्या हद्दीत नाही. त्या हद्दीतले म्हणाले, पैसे तुमच्या घरी दिलेत ना, मग तिकडेच जा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, हे मी त्यांना सांगायचं?

मी जादूटोणाविरोधी कायदा छापून नेला. 20 ऑगस्ट 2013 ला या कायद्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एका माणसाचा जीव गेल्यावर मिळालेला कायदा आहे हा. चमत्कार दाखवून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे, दखलपात्र, अजामीनपात्र, सहा महिने ते सात वर्षं कैद. त्यासाठी दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. तो कोण, हे दोन्ही ठाण्यांत एकालाही सांगता आलं नाही. शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून कागद हातात दिला. दखलपात्र गुन्ह्याला एनसी! वर सल्ला, 'देवाधर्माच्या भानगडीत कशाला पडता?' मी एकादशी करते, रोज देवापुढे दिवा लावते. कीर्तन, यात्रा, घरातली पूजा यांना हा कायदा हातही लावत नाही, त्यातच लिहिलंय. वाचा तरी!

एनसी घेऊन माघारी येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच मागा. नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माझा अर्ज जाऊन 26 दिवस झाले. उत्तर नाही.

नाव जाईल म्हणून घरच्यांना हे लिहिलेलं नको होतं. पण परवा अमावास्येला त्याच्या दारातल्या रांगेत माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई दिसली. बाजूला घेऊन मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण मॅडम, तुमचंच नाव सांगतात ते. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईसुद्धा येतात म्हणून."