कॉटसमोर टीव्हीऐवजी मॉनिटर: एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यानंतर

चित्राला दहापैकी नऊ, आवाजाला तीन, रिमोटला शून्य. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

आमचं घर बेळगावात, वडगावला. जुनं, मातीच्या भिंतींचं. माडीवरची झोपायची खोली एवढी की कॉट टाकल्यावर पायथ्याशी जेमतेम एक बुटकं टेबल बसतं. भिंतीला ड्रिल लावलं की स्क्रू राहतो हातात आणि मूठभर माती खाली येते. त्यामुळं ४३ इंची टीव्ही भिंतीला टांगायचा विषय सुरू व्हायच्या आधीच संपला. राहिले दोन पर्याय, टेबलावर ३२ इंची टीव्ही नाहीतर २७ इंची मॉनिटर. दुकानदार म्हणाला, "बेडरूमला टीव्हीच न्या की ओ, मॉनिटरवर काय बघणार?" म्हटलं, दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवा.

मॉनिटरच्या किमतीतले ३२ इंची टीव्ही बहुतेक 'एचडी रेडी' असतात, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपके. शोधलं तर फुल एचडी मिळतो, पण शोधावा लागतो. मॉनिटर मात्र साधासुधा घेतला तरी १९२० बाय १०८०, म्हणजे ठिपके जवळजवळ दुप्पट आणि तेही लहान पडद्यावर. दुकानात दहा फुटांवर उभं राहून बघितलं तर कुणालाही फरक कळणार नाही. माझी उशी ते पडदा हे अंतर पाच-साडेपाच फूट. इतक्या जवळून एचडी रेडीवरच्या अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. आम्ही कन्नड सिनेमे सबटायटल लावून बघतो (बायकोचं माहेर खानापूर, कन्नड तिला समजतं, मला अर्धं), त्यामुळं अक्षर स्वच्छ दिसणं ही चैन नव्हे, गरज आहे. मी मॉनिटर उचलला.

चित्राचा एक गुण कमी केला तो काळ्या रंगासाठी. पडद्याच्या पॅनलचे आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार सहसा मिळतात, माझा आयपीएस आहे. त्याचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला उजेडाचा फरक, साधारण १००० ला १, व्हीए पॅनलचं ३००० ला १ च्या आसपास असतं. दिवसा याचं काही वाटत नाही. रात्री लाईट बंद करून रात्रीचाच प्रसंग असलेला सिनेमा लावा, म्हणजे कळेल. काळा रंग राखेसारखा दिसतो आणि कोपऱ्यांत फिकट उजेड तरळतो. मॉनिटरच्या मागं झिरोचा बल्ब लावल्यापासून त्रास बराच कमी झाला, कारण खोलीत थोडा उजेड असला की डोळ्याला तोच करडा रंग काळा वाटतो. उलट बाजूनं आयपीएसचा फायदाही आहे. कॉटवर दोघं दोन टोकांना पडलेले असले तरी रंग दोघांना सारखेच दिसतात. व्हीएला बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात. खोक्यावर 'एचडीआर' (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवण्याची सोय) असं छापलंय, ते वाचून सोडून द्या. २५० निट्स उजेडाच्या पडद्यावर एचडीआर चालू केलं की चित्र नुसतं मंद होतं.

आता आवाज. मॉनिटरला मागच्या बाजूला दोन-दोन वॅटचे दोन स्पीकर आहेत आणि ते भिंतीशी बोलतात. वडगाव-शहापूर भाग म्हणजे विणकरांचा. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, कधी कधी रात्री उशिरापर्यंत चालतात. मागांच्या खडखडीत त्या स्पीकरमधून फक्त कुणीतरी काहीतरी बोलतंय एवढंच समजतं. म्हणून बाहेरचा स्पीकर हवाच. मॉनिटर घेताना मागं हेडफोनचं भोक आहे ना, हे आधी बघा, कारण काही स्वस्त मॉडेलांना तेही नसतं. माझ्याला आहे, त्यातून वायर काढून जुना टू पॉइंट वन स्पीकर जोडला. आवाज छान झाला, पण कमी-जास्त करायला दर वेळी उठायचं. नेटवरचे सिनेमे दाखवायला मॉनिटरच्या एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे एक छोटी कांडी, लावलीय. तिच्या रिमोटवर आवाजाची बटणं असतात, ती टीव्हीशी इन्फ्रारेडनं किंवा एचडीएमआय केबलमधल्या सीईसी सोयीतून बोलतात. साध्या मॉनिटरला बहुधा दोन्ही नसतं, त्यामुळं बटणं दाबत बसा, काही होत नाही.

शेवटी ब्लूटूथ स्पीकर घेऊन तो मॉनिटरला नव्हे, थेट स्टिकला जोडला. आता त्याच रिमोटवरून आवाज बदलतो. ओठ आणि आवाज यांच्यात किंचित फरक पडतो, तो स्टिकच्या सेटिंगमध्ये जुळवून घेतला. मध्यरात्रीच्या मॅचसाठी हेडफोनही असाच थेट जोडतो. कॉमेंट्री मराठी लावायची की कन्नड, हा वाद त्यानं मिटत नाही, पण निदान बाकीचे झोपतात.

चालू-बंदचं म्हणाल तर त्यात मॉनिटर टीव्हीपेक्षा शहाणा निघाला. स्टिक झोपली की सिग्नल जातो, सिग्नल गेला की मॉनिटर आपोआप झोपतो. सकाळी स्टिकचं बटण दाबलं की दोन्ही जागे. बघता बघता डोळा लागला तरी रात्रभर पडदा जळत राहत नाही. पण लॅपटॉपवरून स्टिकवर जायचं, तर मॉनिटरच्या पाठीमागची ती बारकी दांडी चाचपून मेन्यू उघडावा लागतो. थंडीत पांघरुणातून बाहेर येऊन ते करणं जिवावर येतं. स्टिकला वीज मॉनिटरच्या यूएसबीतून देऊ नका. तिथं अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो, मग स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते. सोबत आलेला अडॅप्टर वापरा.

सेट टॉप बॉक्सचा अनुभव वेगळा सांगायला हवा. खालचा आईचा टीव्ही दुरुस्तीला गेला होता, तेव्हा तिच्या मालिका चुकू नयेत म्हणून डिशचा बॉक्स वर आणून मॉनिटरला लावला. पडदा काळा आणि वर एक इंग्रजी पाटी, सिग्नल आवाक्याबाहेर. त्याचं कारण असं की आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलत, चालतं आणि एचडी बॉक्स बहुतेक १०८०आय म्हणजे एक ओळ सोडून एक असं चित्र पाठवतो. टीव्ही ते मुकाट्यानं घेतो. मॉनिटर जन्मतः कॉम्प्युटरच्या ६० हर्ट्झचे. काही घेतात, काही घेत नाहीत. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ७२०पी (यात सगळ्या ओळी एकदम येतात) केल्यावर माझ्यावर चित्र आलं, पण ते सेटिंग करायला बॉक्स आधी शेजाऱ्यांच्या टीव्हीला लावावा लागला. आमचा पॅक कन्नड आहे, वर मराठी वाहिन्या सुट्या घेतल्यात (२०१९ पासून तशी निवड करता येते). सुट्या घेताना पैसे वाचवायला साध्या एसडी घेतलेल्या. त्या मॉनिटरवर अगदी धुरकट दिसतात. आई दोन दिवस वर आली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ह्याच्यापेक्षा मोबाईलवर लावून दे रे."

खानापूर तालुक्यात सासुरवाडीला फ्री डिशची छत्री आहे. तिथला बॉक्स जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचा. तसल्या पिना मॉनिटरला नसतातच. कन्व्हर्टर मिळतो, पण चित्र असं येतं की त्यापेक्षा जुना डबा टीव्ही बरा. घरात पडलेला, फक्त व्हीजीएची (कॉम्प्युटरची जुनी, रुंद पीन) सोय असलेला जुना मॉनिटर वापरायचा विचार असेल तर तोही सोडा. एचडीएमआयवरून व्हीजीए करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये कॉपी-संरक्षणाची सोय बहुधा नसते, त्यामुळं पैसे भरून घेतलेली बरीच ॲप काळा पडदा दाखवतात.

पावसाळ्यात मात्र या जोडणीनं मान राखला. जुलैत इथं पाऊस कोसळायला लागला की डिशचा सिग्नल जातो, कारण त्या लहरी दाट पावसात शोषल्या जातात. खाली आईचा टीव्ही गप्प, वर आमचं नेटवरचं सगळं चालू. लाईट गेली तरी हरकत नाही. २७ इंची मॉनिटर २५ वॅटच्या आसपास खातो, तो, राउटर आणि स्टिक मिळून इन्व्हर्टरला जाणवतही नाहीत. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की मी सगळ्या पिना काढून ठेवतो.

एक गंमत, जी साध्या टीव्हीवर जमणार नाही. माझ्या स्टँडवर पडदा उभा फिरवता येतो. कुशीवर झोपलो की पडदाही फिरवायचा. स्टिकला ते कळत नाही, चित्र पडद्याबरोबर आडवं होतं आणि कुशीवरच्या माणसाला अगदी सरळ दिसतं. मान अवघडत नाही. पाठीवर झोपलेल्या बायकोला काय दिसतं, ते ती रोज सांगते.

खोक्यावर १०० हर्ट्झ लिहिलंय म्हणून जादा पैसे देऊ नका. स्टिक फार तर ६० पाठवते, मॉनिटर तेवढ्यावरच चालतो. लॅपटॉप जोडला तर उपयोग होतो, कारण टीव्हीसाठी सेकंदाला २५ चित्रांनी बनवलेल्या मालिका १०० मध्ये बरोबर चार पट बसतात. सिनेमाची २४ बसत नाहीत.

पैसे वाचतील म्हणून कुणी हा मार्ग धरू नये. मॉनिटर आणि टीव्ही साधारण एकाच किमतीला पडतात, वर स्टिक आणि स्पीकरचा खर्च वेगळा. वॉरंटी मात्र मॉनिटरला बहुधा तीन वर्षं, टीव्हीला एक. आणि दिवसा तोच पडदा माझ्या कामाचा आहे, हिशोब जुळतो तो तिथंच. दिवसा काम नसेल तर ३२ इंची फुल एचडी टीव्ही शोधून घ्या.

मला पुढच्या वेळी ३२ इंची व्हीए घ्यायचाय, दोन एचडीएमआय आणि हेडफोनचं भोक असलेला. ३२ इंचांच्या पुढं जीएसटी २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, म्हणून थोडा मोठाही चालला असता, पण टेबल तेवढंच आहे. सॅमसंगसारख्यांचे रिमोट आणि ॲपवाले स्मार्ट मॉनिटरही मिळतात. स्टिकचा खर्च आणि ती मागची दांडी दोन्ही टळेल म्हणून तेही बघणार आहे, फक्त बॉक्सचा ५० हर्ट्झचा सिग्नल दुकानातच लावून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.