टोयोटा हायलक्स पिकअप, ऑटोमॅटिक, काही महिन्यांनंतर: गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नाही, म्हणून एवढं लिहितोय

इंजिनाबद्दल तक्रार नाही. २.८ लिटर, २०४ पीएस, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर, हे सगळ्यांना पाठ आहे. मला लिहायचंय ते गिअरबॉक्सच्या ऑइलच्या पातळीबद्दल, कारण ती बघायची सोय मालकाला ठेवलेलीच नाही.

बाहेरच्या एका गॅरेजात ऑइल बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लिव्हर R मध्ये टाकल्यावर गाडी दीड-दोन सेकंद जागची हलेना. चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम नुसतेच वर चढायचे, ओढ नाही. उत्तर मिळालं, "नवीन ऑइल आहे, सेट होईल." ऑइल सेट होत नसतं. ते कमी भरलेलं होतं, आणि कमी भरलं जाण्याचं कारण अगदी साधं होतं: पातळी गरम गिअरबॉक्सवर तपासली होती.

या बॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ओढ ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) धरून साधारण नऊ-दहा लिटर ऑइल असतं. एवढं ऑइल ४० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की अंदाजे ३०० मिलीलिटरने फुगतं. पातळी मोजायची ती पॅनखालच्या (बॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या तबकाखालच्या) चेक प्लगमधून, जास्तीचं ऑइल वाहून जाऊ देऊन. म्हणजे ८० अंशांना प्लग उघडला तर आत हवं असलेलं ऑइलही बाहेर येतं, आणि गाडी गार झाल्यावर पातळी खाली जाते. मग पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, बॉक्सच्या आतले गिअर धरणारे क्लच घसरतात. घसरलेला क्लच जळतो, आणि तिथून पुढे खर्च हजारांतून लाखांत जातो.

काम करून घेताना समोर उभं राहा. गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली हवी. नुसतं पुढून जॅक लावलेलं चालत नाही. सगळ्यात आधी वरचा भरायचा प्लग उघडायला सांगा. तो जाम असेल आणि खालचा आधीच सोडला असेल, तर रिकामा बॉक्स घेऊन अडकलात. निघालेलं ऑइल मापात मोजा, साडेतीन-चार लिटर येतं, आणि तेवढंच नवं भरा. ऑइल टोयोटा डब्ल्यूएसच. टोयोटाच्याच जुन्या टी-फोर ऑइलचा डबा कुणी पुढे केला तर परत पाठवा. इंजिन चालू करून, ब्रेक दाबून लिव्हर P, R, N, D असा सावकाश फिरवा, प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद. मग स्कॅनरवर ऑइलचं तापमान चाळिशीच्या आसपास आलं की (नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या) इंजिन चालू ठेवूनच चेक प्लग उघडा. धार बारीक होऊन ठिबकायला लागली की नवा वॉशर लावून बंद. धार आलीच नाही तर ऑइल कमी आहे, आणखी भरा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हे काम पहाटेच करावं लागेल, दुपारी गाडी सुरू करायच्या आधीच ऑइल चाळिशी ओलांडून बसलेलं असतं.

तापमान बघायला स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर आकडे दाखवणारा स्कॅनर) चालतो, पण गिअरबॉक्सचं तापमान साध्या ॲपवर दिसत नाही. कंपनीचे खास पीआयडी (कोणता आकडा वाचायचा ते सांगणारे कोड) घालता येतील असंच ॲप लागतं.

"लाइफटाइम ऑइल" हा शब्द बऱ्याच काउंटरवर ऐकू येतो. कुणाचं लाइफ, एवढं विचारावं. घाट आणि ओझं असेल तर ४०,००० किलोमीटर, नाहीतर ६०,०००, हा माझा हिशोब. एका बदलात सुमारे ४० टक्केच ऑइल नवं होतं, दोनदा केलं तर ६४, तीनदा ७८. मशीनने फ्लश करण्यापेक्षा मधे काही शे किलोमीटर चालवून हेच परत करणं मला पटतं. पॅन उघडलाच तर चुंबकं बघा: राखाडी, मऊ लेप चालतो, चमकणारे कण किंवा काडीसारखे तुकडे दिसले तर थांबा.

सुरुवातीला मी ऑइल कूलर वेगळा बसवायचाच म्हणत होतो. ते मत आता बदललंय. पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाट चढताना तापमान नव्वदीत राहतं, आणि १२० च्या खाली असेपर्यंत चिंता नाही. ते वाढतं कशाने, तर चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की. तेव्हा कन्व्हर्टर नुसताच ऑइल घुसळतो. चिखलात किंवा खड्या चढावर L4 (चारही चाकांना ओढ देणारा लो गिअर) घातलं की तापमान लगेच आवरतं. तेवढ्याने भागतंय, कूलरचे पैसे वाचले. सतत ट्रेलर ओढणाऱ्यांनी मात्र लावावा. उतारावर S मध्ये (गिअर आपण निवडायची जागा) दुसरा-तिसरा, न्यूट्रल कधीही नाही.

सकाळी गाडी वरचे गिअर उशिरा घेते, ही तक्रार मीही करत होतो. तो दोष नाही. ऑइल गरम होईपर्यंत गाडीचा कंप्युटर लॉकअप (कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जोडणारा क्लच) मुद्दाम लावत नाही.

५०-७० च्या वेगाला, हलक्या ॲक्सिलरेटरवर रंबलरवरून गेल्यासारखी थरथर आली, तर डाव्या पायाने ब्रेक पेडल जेमतेम टेकवा, फक्त ब्रेकलाइट लागण्यापुरतं. थरथर तत्काळ थांबली तर ब्रेक टेकल्यामुळे लॉकअप क्लच सुटलाय, म्हणजे दोष कन्व्हर्टरकडचा. आधी ऑइल बदला, बॉक्स उतरवायला लगेच हो म्हणू नका. थांबली नाही तर इंजिन, माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्ट बघा.

ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट आत आलंय. इंजिन पुन्हा चालू करू नका. पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं. आणि अशा गाडीला टोचन लावू देऊ नका. इंजिन बंद असताना ऑइलचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले गिअर कोरडे फिरवत राहतात. फ्लॅटबेडच (पूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, दोन तास थांबावं लागलं तरी चालेल.